घरी सिरॅमिक टाइल रंगवताना : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात घर बांधणारा, जुनं घर दुरुस्त करणारा किंवा होमस्टे काढणारा माणूस हल्ली एकदा तरी रंगवलेल्या टाइलचा विचार करतोच. दाराशी नावाची पाटी, ओट्यामागे दोन-चार मासे, तुळशीवृंदावनाला नक्षी. त्यावरून मला जे प्रश्न येतात ते इथे उत्तरांसकट देते आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘रंग कुठला आणू?’ मी आधी विचारते, ‘टाइल लागणार कुठे?’ आपल्याकडे चार महिने पाऊस, बारा महिने दमट हवा आणि किनाऱ्यालगत खारा वारा. टाइलची जागा ठरली की रंग, पद्धत, खर्च हे सगळं आपोआप ठरत जातं. जागा न ठरवता आणलेला रंग बहुधा चुकीचा निघतो.

टाइल रंगवण्याच्या पद्धती किती?

ढोबळमानाने तीन. पहिली हवेत सुकणाऱ्या रंगांची : अ‍ॅक्रिलिक किंवा ग्लास कलर, वरून वार्निशचा हात. टाइलवर जी काचेसारखी झिलई असते, म्हणजे ग्लेझ, तिच्यावर हा रंग नुसता चिकटून बसतो. दुसरी ओव्हनमध्ये पक्क्या होणाऱ्या रंगांची. सिरॅमिक किंवा पोर्सेलेन पेंट म्हणून मिळणारे हे रंग घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, भाजता येतात. पेबेओ कंपनीचा ‘पोर्सेलेन १५०’ हा त्यातला बऱ्याच जणांच्या माहितीतला. नावातले १५० म्हणजे १५० अंश सेल्सिअस. तिसरी भट्टीची. सिरॅमिकचे खनिज रंग तयार झिलईवर लावून साधारण ७०० ते ८५० अंशांवर भाजतात. त्या तापमानाला झिलई मऊ होते, रंग तिच्यात रुततो आणि मग तो टाइलचाच भाग होतो.

पहिल्या दोन पद्धती घरात पूर्ण होतात. तिसरीत रंगकाम घरी करता येतं, भट्टी मात्र दुसऱ्याची शोधावी लागते.

मग मी कुठली घेऊ?

फ्रेम करून माजघरात टांगायची, देवघरात मागे उभी करायची किंवा गणपतीच्या मखरात लावायची टाइल असेल तर अ‍ॅक्रिलिकवर भागतं. पाणी नाही, घासणं नाही, ऊन नाही. ओट्यामागची भिंत, वॉश बेसिनची मागची बाजू, चहाच्या कपाखालची टाइल, असं जिथे ओलं फडकं फिरणार तिथे ओव्हनमध्ये भाजलेला रंग हवा. आणि अंगण, पडवीची बाहेरची भिंत, फाटक, वृंदावन, न्हाणीघर यासाठी फक्त भट्टी. याला मी तरी अपवाद करत नाही.

कुठली टाइल आणू?

भिंतीला लावायची साधी पांढरी, चकचकीत सिरॅमिक टाइल. सुरुवातीला सहा इंच बाय सहा इंच पुरे. तालुक्याच्या गावी टाइलच्या दुकानात उरलेले सुटे नग पडलेले असतात, ते मागून घ्या; सरावाला त्याहून चांगलं काही नाही. उठावाचं डिझाइन असलेली, छापील नक्षीची किंवा मॅट फिनिशची टाइल पहिल्यांदा घेऊ नका. मॅट पृष्ठभागावर रंग धरतो चांगला, पण चुकलेला पुसताना डाग मागे राहतो.

भिंतीची सिरॅमिक टाइल आणि जमिनीची व्हिट्रिफाइड टाइल यांच्यातला फरक समजून घ्या, कारण पुढे तो अडचणीत आणतो. टाइल उलटी करून मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. भिंतीची टाइल तो बघता बघता पिऊन टाकते. तिचं अंग स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकतं. व्हिट्रिफाइडमध्ये हे प्रमाण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असतं, थेंब तसाच बसून राहतो. भिंतीची टाइल हलकी, कापायला सोपी, रंगवायला उत्तम. पण ओल धरते. जूनमध्ये पडवीत ठेवलेल्या खोक्यातली टाइल वरून कोरडी दिसली तरी आतून दमट असते.

रंगवण्याआधी टाइल कशी साफ करायची?

आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, भरपूर पाण्याने साबण घालवा, स्वच्छ सुती फडक्याने पुसा. मग कापसावर स्पिरिट, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, घेऊन झिलईवरून एकदा फिरवा. यानंतर टाइल फक्त कडांनी धरायची. आपल्या बोटांना तेलकटपणा असतो, त्यातून स्वयंपाकघरातून नारळ खोवून उठून आलेला हात असेल तर विचारूच नका.

साफ झाली की नाही हे कळायला सोपी परीक्षा आहे. टाइल तिरकी धरून वरून थोडं पाणी सोडा. पाण्याचा पातळ अखंड पडदा खाली आला तर टाइल स्वच्छ. पडदा मध्येच फाटून थेंब गोळा झाले तर तिथे तेल आहे, रंगही तिथेच सुटणार. पुन्हा स्पिरिट फिरवा. या परीक्षेला एक मिनिट लागतं आणि पुढचा सगळा मनस्ताप वाचतो, त्यामुळे ती टाळू नका.

पावसाळ्यात हे काम करता येतं का?

येतं, पण चाल बदलावी लागते. रंगवण्याच्या आदल्या दिवशी टाइल ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवा आणि आतच गार होऊ द्या, म्हणजे अंगातली ओल निघून जाते. रंगवून झाल्यावर बाटलीवर ‘चोवीस तास सुकवा’ असं लिहिलेलं असलं तरी जुलै-ऑगस्टमध्ये दोन ते तीन दिवस धरा. सुकायला ठेवण्याची जागा न्हाणीघराला किंवा ओल्या जांभ्याच्या भिंतीला लागून नको. वर अंतर सोडून उलटा ट्रे ठेवा, नाहीतर पावसाळी किडे रंगात येऊन बसतात.

वार्निशचं काम मात्र पावसाळ्यात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दमट हवेत वार्निशवर दुधी झाक येते, ती नंतर जात नाही. दसऱ्यानंतर करा.

चित्र टाइलवर उतरवायचं कसं? कार्बन पेपर घसरतो.

घसरणारच, काचेसारख्या पृष्ठभागावर कार्बन नीट धरत नाही. हौशी लोक चित्राच्या मागे मऊ पेन्सिल गिरवून, वरून टोक फिरवून ठसा घेतात. तो उमटतो, पण फिकट.

त्याहून चांगली रीत आपल्या घरात आधीपासून आहे : रांगोळीचा भोकं पाडलेला कागद. चित्र बटर पेपरवर काढा. खाली जाड कापडाची घडी घ्या आणि शिवणाच्या सुईने रेघेवरून एक-दोन मिलिमीटर अंतरावर भोकं पाडत जा. वळणावर भोकं जवळ जवळ, सरळ रेघेत थोडी लांब. मग कागद उलटा करून मागचे उंचवटे बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्या, म्हणजे भोकं मोकळी होतात. कागद टाइलवर चिकटपट्टीने बसवा. कोळशाची वस्त्रगाळ पूड सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून कागदावर टपटप आपटत न्या, घासू नका. कागद सरळ वर उचलला की खाली ठिपक्याठिपक्यांत चित्र उभं असतं. रंग लावून झाल्यावर उरलेली पूड कोरड्या ब्रशने झटकली की गेली. एक खाका जपून ठेवला तर त्यावर कितीतरी टाइल्स निघतात. पोर्तुगालमधले टाइल रंगवणारेही याच रीतीने कोळशाची पूड वापरून खाके उतरवत आले आहेत.

ब्रशच्या रेघा दिसतात, रंग एकसारखा बसत नाही.

झिलई रंग पीत नाही. कागदावर रंग आत मुरतो, इथे तो वर तरंगतो आणि ब्रश परत फिरवला की मागे खेचला जातो. म्हणून भरलेला ब्रश एकदाच ओढायचा आणि सोडून द्यायचा. अर्धवट सुकलेल्या रंगावर पुन्हा हात फिरवला की खालचा थर उचलला जातो आणि टक्कल पडतं. पहिला थर पूर्ण सुकू द्या, मग दुसरा पातळ थर द्या. मोठ्या भागाला स्पंजचा लहान तुकडा घेऊन टिपत टिपत रंग लावा.

ब्रश तीनच आणा, पण चांगले : गोल दोन नंबर, लांब केसांचा लायनर आणि अर्ध्या इंचाचा चपटा. चुकलेली रेघ ओली असताना ओल्या ईअरबडने पुसता येते, सुकल्यावर टूथपिकने खरवडून नेटकी करता येते. कागदावर न मिळणारी ही सवलत टाइलवर आहे.

ओटीजीत भाजायची नेमकी रीत काय?

रंग बाहेरून आणि आतूनही कोरडा झालेला हवा. आत ओल राहिली तर तापल्यावर वाफ होते आणि रंगाला बारीक फोड येतात. टाइल गार ओव्हनमध्येच ठेवायची, तापलेल्या ओव्हनमध्ये कधीच नाही. एकदम तापली तर ती तडकते किंवा झिलईला केसासारख्या रेषा जातात. जाळीवर, मधल्या खणात, वरच्या-खालच्या दांड्यांपासून लांब ठेवा. एकावर एक रचू नका.

आता तापमान. पोर्सेलेन १५०साठी १५० अंशांवर ३५ मिनिटं, आणि ही मिनिटं ओव्हन १५०ला पोचल्यापासून मोजायची. दुसऱ्या कंपनीचा रंग असेल तर त्याच्या बाटलीवरचा आकडा पाळा. ओटीजीच्या खटक्यावर आकडा १५० दाखवतो तेव्हा आत खरंच १५० असतील याची खात्री नसते, स्वस्त ओव्हनमध्ये तर बराच फरक पडतो. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. तापमान जास्त झालं की पहिल्यांदा पांढरा, गुलाबी, फिकट पिवळा हे रंग तपकिरी पडायला लागतात. कमी पडलं तर रंग दिसायला झकास, पण नखाने निघतो. वेळ संपली की ओव्हन बंद करा आणि दार न उघडता तसाच गार होऊ द्या. घाईने दार उघडून टाइल ओट्यावर ठेवू नका, ओट्याचा ग्रॅनाइट थंड असतो.

खिडक्या उघड्या ठेवा, थोडा वास येतो. त्याच वेळी ओव्हनमध्ये खायचं काही भाजू नका. नंतर गार ओव्हन आतून पुसून घ्या.

मधेच लाइट गेली तर?

दार उघडू नका. लाइट आली की पुन्हा चालू करा आणि तापमान पोचल्यावर पूर्ण वेळ नव्याने मोजा. दोनदा तापल्याने रंग बिघडत नाही, अर्धवट तापलेला रंग मात्र टिकत नाही. वाऱ्यापावसाच्या दिवसांत, लाइटचा भरवसा नसेल तेव्हा, भाजायचं काम पुढे ढकललेलं बरं.

मायक्रोवेव्ह, गॅसवरचा तवा, वाळूची कढई?

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन असेल तर फक्त त्या मोडवर, ओटीजीसारखंच. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर नाही. सोनेरी-चंदेरी रंगांत धातू असेल तर ठिणग्या उडतात. तवा आणि कढई दोन्ही नकोत. खालून एकाच बाजूने आच लागते आणि टाइल तडकून तुकडे उडू शकतात.

होड्यांना लावतात तो ऑइल पेंट चालेल का? घरात डबा उरला आहे.

पावसाळी मासेमारीबंदीत, जून-जुलैमध्ये, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा त्यांना डागडुजीबरोबर नव्याने रंगही लागतो. म्हणजे तिथे तो रंग पुन्हा पुन्हा द्यायचाच असतो. शिवाय खाली लाकूड किंवा घासलेलं फायबर असतं, त्याला धरायला जागा असते. टाइलच्या झिलईवर ऑइल पेंट सुकतो, चार-सहा महिने बरा दिसतो आणि मग कडेपासून सालीसारखा निघायला लागतो. पांढरा तर पिवळाही पडतो. डबा खिडकीच्या गजांना वापरा.

भिंतीवर आधीच बसवलेल्या टाइल्स रंगवता येतील का?

ओव्हनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा भाजण्याचे रंग बाद. हेअर ड्रायर किंवा हीट गनने भाजता येईल का असंही विचारतात. नाही, कारण सगळ्या टाइलला एकसारखं १५० अंश अर्धा तास देणं त्यांना जमत नाही. उरतो मार्ग टाइल घासून, टाइलसाठीचा प्रायमर देऊन, वर दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा. कोरड्या भिंतीवर हे ठीक आहे. गॅसच्या मागे, जिथे फोडणीचं तेल उडतं, आणि शॉवरखाली मी हे सुचवत नाही. त्यापेक्षा जुन्या टाइल्स तशाच ठेवा, चार-सहा टाइल्स वेगळ्या रंगवून भाजा आणि गवंड्याकडून तेवढ्याच जुन्या काढून त्या जागी बसवून घ्या. सगळी भिंत रंगवण्यापेक्षा हे देखणंही दिसतं.

टाइल घासताना मास्क लावा आणि पाणी मारत घासा. तिच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसाला वाईट.

नावाची पाटी आणि तुळशीवृंदावन, यांना भट्टीच का?

कारण उन्हात रंग उडतो, पावसात पाणी कडेने शिरतं आणि खारा वारा वार्निशखालची फट शोधून काढतो. वार्निशचे कितीही हात दिले तरी वार्निश स्वतःच उन्हाने पिवळं पडतं, इपॉक्सी रेझिनही पडतं. वृंदावनाला तर रोज पाणी, कोनाड्यात पणती, तिचं तेल आणि काजळी. खनिज रंग झिलईत भाजलेला असला तर काजळी साबणाच्या फडक्याने जाते, खालचं चित्र जसंच्या तसं.

भट्टी कुठे मिळेल? आणि टाइल्स तिथपर्यंत फुटल्याशिवाय न्यायच्या कशा?

मुंबई, पुणे आणि गोव्यात स्टुडिओ पॉटरी करणाऱ्यांकडे विजेच्या किंवा गॅसच्या भट्ट्या असतात. काही जण बाहेरचं काम भाजून देतात. आधी फोन करून तीन गोष्टी विचारा : झिलईवरच्या रंगांचं तापमान देतील का, त्यांच्या भट्टीच्या फळीवर कोणत्या मापाची टाइल मावते आणि कुठल्या कंपनीचे रंग चालतात. काही जण अनोळखी रंग भट्टीत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. एकाचा रंग उडून शेजारच्याच्या भांड्यावर बसू शकतो.

भाजण्याआधीचा रंग बोटानेही पुसला जातो. म्हणून दोन टाइल्स समोरासमोर नकोत. प्रत्येक टाइलच्या चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे छोटे तुकडे लावून वर पुठ्ठ्याचंच झाकण करा, म्हणजे रंगाला काही टेकणार नाही. खोक्यात टाइल्स उभ्या ठेवायच्या, आडव्या कधीच नाही. आडव्या रचल्या की खालच्यांवर सगळा भार येतो, आणि घाटातल्या एसटीत तो भार दर वळणाला हलतो. उभी टाइल धक्का चांगला सोसते. खोकं मांडीवर किंवा पायाशी. वरच्या रॅकवर नाही आणि मागच्या डिकीतही नाही.

गोव्यातल्या निळ्या टाइल्स अशाच रंगवतात का?

अझुलेजो म्हणतात त्या टाइल्सची जुनी रीत वेगळी आहे. भाजलेल्या मातीच्या टाइलवर कथिलाची पांढरी झिलई कच्ची, पुडीसारखी सुकलेली असताना तिच्यावरच रंगवतात आणि मग दोन्ही एकत्र साधारण हजार अंशांवर भाजतात. कच्ची झिलई ब्रशमधलं पाणी टिपकागदासारखं ओढून घेते, त्यामुळे मारलेली रेघ पुसता येत नाही. निळा रंग कोबाल्टचा. भट्टीच्या आचेत तो टिकून राहतो, म्हणून जगभरच्या सिरॅमिकमध्ये निळ्याचं राज्य आहे, मग ते हॉलंडमधलं डेल्फ्ट असो की चीन.

पणजीला गेलात तर मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या भिंती बघून या. पोर्तुगीज चित्रकार जोर्ज कोलासो यांनी १९३५ साली केलेल्या टाइल्स आहेत त्या. मांडवीच्या काठची इतक्या वर्षांची दमट हवा खाऊनही निळा ताजा आहे. अगदी जवळ जाऊन पाहा : गडद निळ्याचा ब्रश जिथे उचलला तिथे रंगाचा छोटा थेंब साचलेला दिसतो, आणि सावल्या सगळ्या एकाच निळ्यात जास्त-कमी पाणी घालून काढलेल्या. एका रंगात किती करता येतं हे शिकायला याहून जवळची शाळा आपल्याला नाही.

चित्र कशाचं काढावं? मला फक्त फुलं सुचतात.

फुलंच काढायची तर सुरंगी काढा, अबोली काढा, बकुळ काढा. बाजारातल्या छापील टाइलवर गुलाब भरपूर आहेत. काजूचं बोंड टाइलवर फार शोभतं, खाली लोंबणारी बी असली की चित्राला आपोआप तोल येतो. रातांब्याचा तांबडा मात्र कठीण. लाल रंग पातळ थरात फिका दिसतो, त्याला दोन-तीन थर द्यावे लागतात.

मासे काढायला माझं पहिलं मत. पापलेटचा आकार असा की टाइल कोपऱ्यावर उभी, शंकरपाळ्यासारखी लावली तर मासा तिच्यात नेमका बसतो. बांगडा आडवा. पाठ हिरवट निळी, तिच्यावर काळसर ठिपक्यांच्या ओळी, पोट चंदेरी. पोटाला चंदेरी रंग लावायची गरज नाही. पाठीचा रंग पोटाकडे पातळ करत आणा, आणि तो ओला असतानाच टूथपिकने लहान लहान कमानी खरवडा. खालची पांढरी झिलई उघडी पडते आणि खवल्यांना जी चमक येते ती चंदेरी रंगाने येत नाही. डोळ्याभोवती पांढरं कडं सोडा, नाहीतर मासा शिळा दिसतो.

आणि आपल्याच मुलखातल्या चित्रपरंपरा आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला : ठाकर समाजाने जपलेली, बाजूने दिसणारे चेहरे, मोठे डोळे, ठसठशीत काठ. ती जपण्याच्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते : दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं. ती गोलाकार मांडणी चौकोनी टाइलवर आणली की चार कोपरे रिकामे राहतात, तिथे वेलबुट्टी घाला. उत्तरेला पालघरकडे वारली; जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. वारलीसाठी टाइलला आधी गेरूच्या रंगाचा पूर्ण थर देऊन, भाजून, मग वर पांढऱ्याने काढा आणि पुन्हा भाजा. एकाच भाजणीत दोन्ही थर करायला गेलात तर पांढऱ्यात गेरू मिसळतो.

या कलाकारांची चित्रं समोर ठेवून शिका, पण विकताना ‘चित्रकथी’ म्हणून विकायची असेल तर पिंगुळीच्या कलाकारांकडूनच काढून घ्या. त्यांचं पोट त्यावर आहे.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रं टाइलवर काढून विकली तर चालतील का?

परवानगीशिवाय नाही. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मिरांडा २०११ साली गेले. सरावासाठी घरी काढा, दुकानात मांडू नका.

एकच चित्र अनेक टाइल्सवर पसरवायचं असेल तर?

टाइल्स बसतील तशाच, मधे दोन-तीन मिलिमीटरची फट सोडून टेबलावर मांडा आणि खाका सगळ्यांवर एकदम उतरवा. फट न सोडता रंगवलं तर बसवल्यावर माशाचं शेपूट अंगापासून तुटल्यासारखं दिसतं. चेहरा, डोळा, अक्षरं सांध्यावर येऊ देऊ नका. प्रत्येक टाइलच्या मागे पेन्सिलने नंबर आणि वरची बाजू दाखवणारा बाण. नंबर सगळेच घालतात, बाण विसरतात. सगळ्या टाइल्सचा एक रंग एकाच वेळी कालवा आणि शक्यतो एकाच दिवशी लावा.

गवंड्याला काय सांगू?

आधी भिंतीचं बघा. जांभ्याच्या जुन्या भिंतीला ओल असेल, गिलाव्यावर पांढरा क्षार फुटत असेल तर तिथे टाइल लावायची घाई नको. तोच क्षार पुढे सांध्यांतून बाहेर येतो. ओलीचा बंदोबस्त करून एक पावसाळा जाऊ द्या.

मग गवंड्याला हे सांगा : टाइल पाण्यात भिजत टाकायची नाही, टाइलच्या केमिकलने, म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याने, बसवायची, आणि केमिकल दातेरी थापीने पूर्ण पाठीला लावायचं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून टाइल दाबायची सवय बऱ्याच जणांना आहे. त्यात मागे पोकळी राहते, पाणी साठतं. चित्रावर आधी मास्किंग टेप लावून घ्या. सांधे भरायला वाळू नसलेलं बारीक ग्राउट, कारण वाळूचं ग्राउट पुसताना ओव्हनमध्ये भाजलेल्या रंगावर ओरखडे जातात. आणि शेवटी सिमेंटचे डाग काढायला गवंडी अ‍ॅसिड मागतील, देऊ नका. भाजलेल्या रंगाचं वाटोळं अ‍ॅसिडइतकं पटकन दुसरं काही करत नाही.

बसवताना स्वतः समोर उभे राहा. नंबर आणि बाण तुम्हालाच वाचता येतात.

अशा टाइलवर गरम भांडं किंवा खायचं ठेवता येईल का?

चहाचा कप, सोलकढीचा पेला चालेल, ओव्हनमध्ये भाजलेली असेल तर. कोकमाचा डाग तेव्हाच पुसा. चुलीवरून किंवा गॅसवरून उतरलेलं भांडं थेट नको. तव्याचा बुडखा १५० अंशांच्या कितीतरी वर असतो. थेट टाइलवर चटणी, फरसाण ठेवू नका. बाटलीवर ‘विषारी नाही’ असं लिहिलेलं असणं आणि अन्नाला लागायला योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भट्टीच्या काही लाल-पिवळ्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं.

मुलांना करू द्यावं का?

अवश्य. पाण्यात मिसळणारे रंग द्या, भट्टीच्या रंगांची पूड देऊ नका, ओव्हन मोठ्यांनी हाताळावा. गणपतीच्या सुट्टीत घरातल्या सगळ्या चुलत-मावस भावंडांना एकेक टाइल दिली तर पुढच्या वर्षीच्या मखराची मागची भिंत तयार होते. प्रत्येकाला आपली टाइल कुठे आहे ते पाठ असतं.

रोजची साफसफाई?

मऊ फडकं, भांड्याच्या साबणाचं पाणी. तारेची घासणी, ब्लीचिंग पावडर, संडास साफ करायचं द्रावण यांतलं काही नाही. समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याचा थर आठवड्याने साध्या पाण्याने पुसा.

रंग बिघडला, टाइल पुन्हा वापरता येईल का?

भाजलेली नसेल तर ओल्या फडक्याने किंवा स्पिरिटने सगळं पुसलं जातं. ओव्हनमध्ये भाजलेली असेल तर टाइल कोमट पाण्यात तासभर ठेवा, मग काच खरवडायचं ब्लेड झिलईला जवळजवळ आडवं धरून हळूहळू ढकला. रंग पापुद्र्यांनी निघतो. नंतर टाइल तीन-चार दिवस उन्हात वाळवा आणि पाण्याच्या पडद्याची परीक्षा पुन्हा घ्या. भट्टीतली टाइल मात्र कशानेही पुसली जात नाही. तिच्यावरच गडद रंगात नवीन चित्र काढून पुन्हा भाजता येतं. फिक्या रंगाने जुनं झाकलं जात नाही.